एकसारखे दोन हजार आठशे चौदा

फोटोसिस्टरांच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये ते फोटोंचं सॉफ्टवेअर आलं, त्या दिवसापासून त्या घरात कुणालाही वेळेवर जेवायला मिळालं नाही. सुनेने ते शनिवारी सकाळी घालून दिलं, आणि त्यानंतर दुपारी दोनपर्यंत सिस्टर खुर्चीवरून उठल्या त्या फक्त दोनदा, दोन्ही वेळा चष्मा पुसायला. "अहो, इकडे या! हे बघा! अहो, बघा ना!" हे वाक्य त्यांच्या यजमानांनी त्या एका दिवसात इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी ते आपलं स्टूलच उचलून कॉम्प्युटरशेजारी येऊन बसले. यजमान म्हणजे घड्याळवाले काका. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. केसाएवढ्या स्प्रिंगने ते कधी गांगरले नाहीत, पण बायकोचा हा उत्साह बघून मात्र पार गांगरून गेले.

सिस्टरांचं खरं नाव आता त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर तेवढं उरलं आहे. गावात त्या फोटोसिस्टर. डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात अठरा वर्षं नोकरी केली आणि त्या अठरा वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा फोटो काढला. कुणी सांगितलं नव्हतं. झालं होतं असं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बाळाला जन्मल्या जन्मल्या मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवायला न्यावं लागलं, आणि त्याची आई इकडे चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खाईना, बोलेना. सिस्टरांच्या भावाने त्यांना नुकताच एक छोटा चंदेरी कॅमेरा दिला होता, दोन सेलवर चालणारा. सिस्टर ड्युटी संपल्यावर बसने मोठ्या हॉस्पिटलात गेल्या, काचेबाहेरून बाळाचा फोटो काढला, आणि परत येऊन कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तो आईला दाखवला. बाई उठून बसली आणि म्हणाली, "नाक माझ्यासारखं आहे." मग तिने चहा मागितला. तेव्हापासून सिस्टरांनी ठरवून टाकलं, बाळ जन्मलं की आधी पुसायचं, मग गुंडाळायचं, मग वजन, मग फोटो.

फोटो काढायची जागाही ठरलेली. वजनकाट्याशेजारचं टेबल, त्यावर हिरव्या काठाचं दुपटं, आणि मागे भिंतीवरचं घड्याळ. बाळाच्या डोक्यामागे सिस्टरांचा डावा हात, उजव्या हातात कॅमेरा. सगळं वहीत लिहायचं. वेळ, वजन, मुलगा की मुलगी, कार्डावरचा फोटोचा नंबर, आणि पुढे 'फो.' लिहून किती काढले त्याचा आकडा. कार्ड भरलं की ते इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात जायचं आणि खोक्यावर वर्षाची चिठ्ठी लागायची. नाही म्हणायला एक गोष्ट सिस्टरांना कधी जमली नाही, ती म्हणजे कॅमेऱ्यातली तारीख लावणं. सेल बदलले की कॅमेरा आपला मुकाट्याने कुठल्यातरी पहिल्या जानेवारीला परत जायचा. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मते अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला आलं होतं.

तर असे साडेआठ हजार फोटो सुनेने अठरा कार्डांतून काढून त्या सॉफ्टवेअरमध्ये ओतले. ही सून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, मितभाषी आहे, आणि सासूच्या हाती माउस देताना तिने एवढंच सांगितलं, "आई, हे चेहरे ओळखून प्रत्येक माणसाचे फोटो वेगळे लावतं. अगदी आपोआप." यंत्राने पाऊण तास साडेआठ हजार फोटो चाळले आणि निकाल जाहीर केला. या सगळ्या फोटोंत मिळून एकच माणूस आहे. 'व्यक्ती १'.

सिस्टर आधी बघतच राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की काकांना त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. काकांचं हसू मात्र थोड्याच वेळात मावळलं, कारण त्या व्यक्ती १ मध्ये त्यांचाही एक फोटो निघाला. दात काढल्यानंतरचा, टकलावर ऊन पडलेला.

त्यानंतर यंत्र प्रश्न विचारायला लागलं. पडद्यावर शेजारी शेजारी दोन बाळं यायची आणि खाली लिहिलेलं असायचं, 'ही एकच व्यक्ती आहे का?' हो किंवा नाही. सिस्टर त्याला मनापासून उत्तर द्यायच्या. "नाही रे बाबा! हा पोस्टमनचा थोरला. आणि ही शिंपीणबाईंची, पायाळू आली होती, घाम फोडला होता सगळ्यांना." मग 'नाही' दाबायच्या. दीडशे वेळा 'नाही' म्हटल्यावरही यंत्राचं समाधान होईना, तेव्हा त्या चिडल्या. "याला एकदा पाळण्यांच्या खोलीत नेऊन उभं केलं पाहिजे," त्या काकांना म्हणाल्या, "मग कळेल एकेकाचा आवाज कसा वेगळा असतो ते." आणि त्यांनी 'नंतर विचारा' हे बटण शोधून काढलं.

पण बाकीची बटणं! वाकडा फोटो सरळ होत होता, अंधारातलं बाळ उजेडात येत होतं. कोपऱ्यात घुसलेलं सलाइनचं स्टँड कापून टाकता येत होतं. एक 'डाग काढा' नावाचा ब्रश होता, तो फिरवला की बाळाने स्वतःच्याच नखाने गालावर काढलेला ओरखडा पुसून जायचा. सिस्टरांनी दोन दिवस ओरखडे पुसले. 'रंग सुधारा' हे बटण त्यांना असंच फार आवडलं होतं, पण एका बाळावर दाबलं आणि त्या किंचाळल्या.

"काय झालं?" काका स्वयंपाकघरातून धावत आले.

"अहो, याला कावीळ होती! चांगलं पिवळंधमक होतं. पाच दिवस दिव्याखाली ठेवलं होतं मी याला. आणि या यंत्राने एका सेकंदात गुलाबी करून घरी पाठवलं!"

तेव्हापासून 'रंग सुधारा' त्यांनी वर्ज्य केलं. मूळ फोटो मात्र कुठे जात नाही, 'मूळ फोटो दाखवा' म्हटलं की ओरखड्यासकट परत येतो, हे सुनेने दाखवल्यावर त्यांना धीर आला.

आणि मग एके दुपारी यंत्राने स्वतःहून सांगितलं, 'एकसारखे फोटो सापडले: २८१४. जास्तीचे काढून टाकायचे?' सिस्टर जन्माच्या टापटिपीच्या. हात हलेल या धास्तीने त्या एकेका बाळाचे दोन दोन, तीन तीन फोटो काढायच्या, तेव्हा एकसारखे निघणारच. त्यांनी चार-पाच जोड्या उघडून बघितल्या, सगळ्या बरोबर होत्या. दाबलं बटण. घर झाडून काढल्यासारखं वाटलं त्यांना. सून त्या वेळी म्हणाली होती, "टोपलीत आहेत हं, आई. तीस दिवसांनी टोपली आपोआप रिकामी होते." सिस्टरांनी मान हलवली आणि नव्या वहीत नोंद केली, कारण कॉम्प्युटरवर काय केलं तेही त्या पेशंटला औषध दिल्यासारखं वेळेसकट लिहून ठेवायच्या.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. रोज कुणी ना कुणी दारात हजर. कुरियरवाला आला, सलूनवाला आला, मिशा फुटलेली पोरं आयांच्या मागे लाजत लाजत आली. सिस्टर वहीत नोंद बघायच्या, त्या वर्षाचं कार्ड उघडायच्या, त्या नंबरावर जायच्या, आणि बाळ पडद्यावर आलं की आपणच टाळ्या वाजवायच्या. नोकरी सुटल्यापासून हा आनंद त्यांना मिळाला नव्हता. गुडघेदुखीचं तर त्या नावच काढेनाशा झाल्या.

अशाच एका दुपारी, तीनच्या सुमाराला, बेकरीबाई आल्या. कोपऱ्यावरची बेकरी त्या आणि त्यांचा नवरा मिळून चालवतात. त्यांच्या हाताला कायम पिठाचा पांढरा रंग असतो, त्या दिवशी मात्र त्यांनी हात स्वच्छ धुतले होते. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि चहा नको म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. सोळा वर्षं झाली."

"जुळ्या," सिस्टर लगेच म्हणाल्या. "मुली. आणि नंतर तुला रक्तस्राव झाला. मीच होते गाडीत तुझ्याबरोबर. तुला वाटलं मी विसरेन?"

त्या दिवसाचं सगळं सिस्टरांना पाठ होतं. दोन मुली जन्मल्या, अकरा मिनिटांच्या अंतराने. दोघींचा एकेकच फोटो निघाला, कारण दुसरीचा काढून होतो न होतो तोच आईची तब्येत बिघडली. सिस्टर आईबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. इकडे एका मुलीला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं म्हणून दुसऱ्या सिस्टरने तिला बाळांच्या हॉस्पिटलात हलवलं. आई शुद्धीवर यायच्या आत, तिसऱ्या दिवशी सकाळी, ती मुलगी गेली. बापाने एकट्याने सगळं निभावलं.

"मी तिला बघितलंच नाही हो," बेकरीबाई म्हणाल्या. "एकदाही नाही. यांना विचारलं की हे उठून भट्टीकडे जातात. मी विचारणं सोडून दिलं. पण परवा चिमीच्या हाती जुना कागद लागला. तिला कळलं. आणि ती मला विचारते, 'आई, ती कशी दिसायची?' काय सांगू मी पोरीला? मी आई असून मला माहीत नाही."

ही चिमी म्हणजे वाचलेली मुलगी. जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची म्हणून चिमी, आता पाच फूट आठ इंच आहे आणि दारातून वाकून येते.

"एवढंच ना!" सिस्टर उठल्या, वही काढली, पानं उलटली. "हे बघ. जुळ्या मुली. चार आठ, चार एकोणीस. पुढे 'फो. दोन'. म्हणजे दोघींचे आहेत! अगं, दोघींचे आहेत!" बेकरीबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. काका स्टूल ओढून पुढे सरकले. सिस्टरांनी त्या वर्षाचं कार्ड उघडलं, नंबरावर गेल्या, आणि पडद्यावर हिरव्या काठाच्या दुपट्यात गुंडाळलेलं एक इवलंसं बाळ आलं. उजवा कान कॅमेऱ्याकडे, डोळे टक्क उघडे.

"अगं बाई, चिमी!" बेकरीबाई हसल्या. "अगदी चिमी. कपाळ बघा ना!"

"आणि ही पुढची..." सिस्टरांनी पुढचं बटण दाबलं. पुढे एक भलंथोरलं, चार किलोचं, रडून लाल झालेलं पोर आलं. ते भांडीवाल्याचं होतं. सिस्टरांनी मागे जाऊन बघितलं. मागे चांभारकाकांची नात. मधे एकच फोटो. एकच.

सिस्टर पुन्हा एकदा मागे-पुढे करून आल्या.

"एकसारखे," त्या पुटपुटल्या. "अहो, एकसारखे म्हणून टाकला मी. तेच दुपटं, तोच चेहरा, तोच माझा हात. यंत्राला काय कळणार! मी टाकला हो तिला. मीच टाकला."

"टोपलीत असेल की," काका म्हणाले. "तीस दिवस असतो म्हणाली होती ना ती?"

सिस्टरांनी नवी वही ओढली. नोंद समोरच होती, त्यांच्याच सुबक अक्षरात. 'दु. ३.४०. एकसारखे २८१४ काढले.' पुढे तारीख. काकांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि तिथून वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"आज तीस पूर्ण होतात," ते म्हणाले. मग सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "तीन सतरा झालेत."

पुढचा काही वेळ त्या खोलीत तिघंही एकदम बोलत होते. सिस्टर टोपली शोधत होत्या आणि टोपली कुठेच दिसत नव्हती. बेकरीबाई "सिस्टर, राहू द्या, नसली तर नसली" म्हणत होत्या आणि त्याच दमात खुर्ची पुढे ओढत होत्या. काका टेबलाखाली शिरले होते.

"काय करताय तिथे?"

"प्लग काढतो! वीजच नसली तर तो कचरा नेणार कसा?"

"प्लगला हात लावाल तर बघा!" सिस्टर ओरडल्या आणि त्यांनी सुनेला फोन लावला. सून ऑफिसात कुणाला तरी जिन्याचा नकाशा समजावत होती. तिने सासूचं पहिलं वाक्य ऐकलं, ज्यात टोपली, जुळ्या, तीन चाळीस आणि प्लग हे चारही शब्द होते, आणि ती शांतपणे म्हणाली, "आई, आधी दीर्घ श्वास घ्या."

हे वाक्य सिस्टरांनी आयुष्यात साडेतीन हजार बायकांना सांगितलं होतं. त्यांना ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. त्यांनी श्वास घेतला.

"तो मिनिटाला मोजतो की दिवसाला, मला माहीत नाही," सून म्हणाली. "पण आपण वाट कशाला बघायची? डावीकडे यादी आहे ना, तिच्यात सगळ्यात खाली टोपली."

"नाही गं! यादी 'अल्बम'पाशीच संपते!"

"तुम्ही अक्षरं मोठी करून घेतलीत ना, म्हणून बाकीचं खाली गेलंय. यादीवर माउस ठेवा आणि चाक फिरवा."

सिस्टरांनी चाक फिरवलं. यादी वर सरकली आणि तळाशी टोपली आली. "आली!" तिघं एकदम म्हणाले. टोपली उघडली, आणि पडदाभर बाळंच बाळं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'आज कायमचे काढले जातील.'

"तीन चोवीस," काका म्हणाले.

"ते मिनिटं सांगणं बंद करा हो!"

"आता सगळे निवडा," फोनमधून सून म्हणाली. "वर चौकोन आहे. निवडले? आता दोन बटणं दिसतील. घाई करू नका, आई. एक 'परत ठेवा'. दुसरं 'कायमचे काढा'. नीट वाचून दाबा."

अठरा वर्षांत ज्या हाताने कधी एक बाळ निसटू दिलं नव्हतं, त्या हातातून माउस निसटायला लागला. बाण एकदा या बटणावर, एकदा त्या बटणावर. चष्म्यावर वाफ धरली होती, दोन्ही बटणं नुसते रंगाचे ठिपके दिसत होते.

"निळं की लाल? अगं, कुणीतरी सांगा, निळं की लाल?"

"निळं!" बेकरीबाई ओरडल्या. "सिस्टर, निळं! निळं दाबा!"

सिस्टरांनी निळं दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बारीक पट्टी आली आणि तिच्यावर आकडे पळू लागले. बारा. चाळीस. एकशे सहा. मधेच पट्टी सातशेवर अडकून बसली, आणि काकांनी, घड्याळ बंद पडलं की करतात तसं, कॉम्प्युटरच्या कडेला हलकेच टिचकी मारली. योगायोग असेल, पट्टी पुढे सरकली. दोन हजार. दोन हजार पाचशे. काका आता मिनिटं मनातल्या मनात मोजत होते, पण ओठ हलत होते. २८१४ पैकी २८१४. टोपली रिकामी. घड्याळात तीन पस्तीस.

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. सुनेला "झालं, झालं, तू जा आता तुझ्या जिन्याकडे" असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि परत ते कार्ड उघडलं. या वेळी चांभारकाकांची नात आणि भांडीवाल्याचा पोरगा यांच्या मधे दोन फोटो होते. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले. तेच दुपटं, तसंच कपाळ, डोक्यामागे तोच हात. यंत्राची तरी काय चूक! पण काकांनी आपलं भिंग डोळ्याला लावलं, पडद्याला नाक टेकवलं आणि म्हणाले, "नुसते ठिपके दिसतायत." मग सिस्टरांनी भिंतीवरचं घड्याळ मोठं करून दिल्यावर त्यांनी भिंग काढलं आणि दुकानातल्या जुन्या आवाजात सांगितलं, "हे चार दहा. आणि हे चार एकवीस. दोन फोटो, दोन पोरी."

"हीच ती," सिस्टर नव्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "टोपलीतून आली ती. चार एकवीसची. बघ गं, नीट बघ. हीच तुझी दुसरी."

बेकरीबाई पुढे झुकल्या. फार वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बाळाच्या कानाजवळ बोट नेलं, पडद्याला न लावता.

"सिस्टर, हे काय आहे?"

उजव्या कानासमोर ज्वारीच्या दाण्याएवढा एक मस होता.

"हा चिमीचा मस आहे," बेकरीबाई हळूच म्हणाल्या. "अजून आहे. केसांनी झाकते ती. ही चिमी आहे, सिस्टर."

"असं कसं? मग या पहिल्या फोटोत..." सिस्टर थांबल्या. पहिल्या फोटोत उजवा कान स्वच्छ दिसत होता. मस नव्हता. "मीच पुसला असेन. तो ब्रश फिरवत सुटले होते ना मी! थांब, मूळ फोटो बघू." त्यांनी बटण दाबलं. मूळ फोटो आला. गालावरचा बारीक ओरखडा परत आला, कान मात्र तसाच राहिला. मस नव्हताच कधी.

मग ते सगळ्यांना बरोबरच कळलं. टोपलीत गेली होती ती चिमी. आणि जिला शोधायला एवढी धावाधाव केली, ती पहिल्या मिनिटापासून पडद्यावर होती. तिची आई तिच्याकडे बघून हसलीसुद्धा होती.

"मी हिलाच बघितलं," बेकरीबाई म्हणाल्या. "आल्या आल्या. हिचंच कपाळ बघितलं मी." त्या पहिल्या फोटोच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "डोळे उघडेच आहेत हिचे. चिमीचे मिटलेले आहेत, ही बघा, ही झोपाळूच आहे पहिल्यापासून. पण हिचे उघडे आहेत. हिने बघितलं की हो सगळं. तुम्हाला बघितलं. हे टेबल बघितलं." त्या रडत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. "चिमीला सांगते आता. तुझ्यासारखीच होती, कानापाशी मस नव्हता आणि टक्क जागी होती. आता सांगता येईल मला."

सिस्टरांनी पदराने चष्मा पुसला. काका उगाचच भिंग पुसत बसले.

तेवढ्यात यंत्राला काय वाटलं कोण जाणे. टोपलीतून फोटो परत आल्यामुळे असेल, ते पुन्हा आपल्या जुन्या सवयीवर गेलं. पडद्यावर दोन चौकोन आले. एकात डोळे उघडे असलेली, दुसऱ्यात झोपलेली. खाली प्रश्न.

'ही एकच व्यक्ती आहे का?'

सिस्टरांनी नेहमीप्रमाणे 'नंतर विचारा'कडे बाण नेला. बेकरीबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या हातून माउस काढून घेतला. त्यांनी जन्मात कधी माउस धरला नव्हता. बाण पडदाभर भटकून आला, शेवटी एकदाचा 'नाही'वर टेकला, आणि बाईंनी कणीक दाबावी तसं ते बटण दाबलं.

"नाही," त्या यंत्राला मोठ्याने म्हणाल्या. "दोन आहेत. मला दोन मुली आहेत."